गैरहजर प्रतिवादी: इंग्लंडमधली काउंटी कोर्टं बंद होतात तेव्हा

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात सकाळी पुकारा सुरू होतो. शिपाई दाराशी येऊन नाव घेतो, पुन्हा घेतो, तिसऱ्यांदा घेतो. वादी हजर, वादीचे वकील हजर, प्रतिवादी गैरहजर. रोजनाम्यात तेवढी ओळ लिहिली जाते आणि दावा एकतर्फी चालतो. प्रतिवादी का आला नाही, हे लिहायला रोजनाम्यात जागा नसते. समन्स पोहोचलं नसेल, एसटी चुकली असेल, दिवसाची मजुरी बुडवणं परवडलं नसेल, किंवा हरायचंच आहे तर जाऊन काय करायचं, असंही वाटलं असेल.

इंग्लंड आणि वेल्समधल्या काउंटी कोर्टांचं प्रकरण मी या कोऱ्या जागेपासून वाचतो. ब्रिटिश संसदेच्या ग्रंथालयाने काढलेल्या आकड्यांनुसार 2010 साली तिथे 240 काउंटी कोर्टं होती आणि 2019 पर्यंत त्यातली 90 बंद झाली. फौजदारी बाजूला तर याहून मोठी पडझड झाली, 323 मॅजिस्ट्रेट कोर्टांपैकी 162 गेली. वर्तमानपत्रांनी साहजिकच त्या दुसऱ्या आकड्याचा गाजावाजा केला. चोर, दारुडे, साक्षीदार आणि बळी यांची बातमी होते. भाडं थकलेला भाडेकरू किंवा गवंड्याने काम अर्धवट टाकल्याचा दावा यांची होत नाही. पण सामान्य माणूस आयुष्यात एखाद्याच कोर्टात उभा राहिला, तर ते बहुधा दिवाणी कोर्ट असतं, आणि त्याला तिथे खेचणारा बहुधा त्याच्यापेक्षा मोठा असतो.

वीस पौंडांचं कोर्ट

1846 पूर्वी इंग्लंडमध्ये छोटं येणं वसूल करायचं तर दोनच वाटा होत्या. एक थेट लंडनच्या मोठ्या कोर्टाची, जिथे खर्च मूळ रकमेला गिळून टाकायचा. दुसरी, काही शहरांत असलेल्या 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' नावाच्या पंच-कोर्टांची, ज्यांचा दर्जा गावोगावी वेगळा असे. हेन्री ब्रूम या वकील-राजकारण्याने त्याविरुद्ध अनेक वर्षं रेटा लावला आणि 1846 चा काउंटी कोर्ट कायदा झाला. पुढच्या वर्षी कामकाज सुरू झालं. देशाचे 491 जिल्हे पाडले होते, त्यांची 60 मंडळं, प्रत्येक मंडळाला एक न्यायाधीश. तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी जाऊन कोर्ट भरवायचा. आधी कधी नगरभवनात, कधी खानावळीच्या वरच्या दालनात. पुढे चार्ल्स रीव्ह्ज या सरकारी वास्तुविशारदाच्या हाताखाली गावोगावी खास कोर्टाच्या इमारती उठल्या. हा माणूस लंडनची पोलीस ठाणीही बांधत असे.

अधिकार होता 20 पौंडांपर्यंतच्या दाव्यांचा. 1850 मध्ये तो 50 पौंड झाला.

या कोर्टांना 'गरिबाचं कोर्ट' म्हणायची तिथे पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. गरीब तिथे होताच, पण बहुतेक वेळा प्रतिवादीच्या जागी. वादी असायचा वाणी, कोळसेवाला, किंवा दारोदार उधारीवर कापड विकणारा फेरीवाला व्यापारी. हुकूमनामा होऊनही पैसे न भरणाऱ्याला तुरुंगात घालायची सोय होती, आणि कर्जापायी कैद संपवणारा म्हणून गाजलेला 1869 चा कायदा आल्यावरही ऐपत असून न भरल्याच्या नावाखाली सहा आठवड्यांची कैद शिल्लकच राहिली. म्हणजे जी काउंटी कोर्टं आज बंद होताना पाहून हळहळ वाटते, ती जन्मापासून वसुलीची यंत्रं होती. फरक एवढाच की यंत्र गावात होतं. ज्याच्यावर दावा झाला तो चालत येऊन न्यायाधीशाला सांगू शकत होता, की साहेब, बायको आजारी होती, आठवड्याला एक शिलिंग देतो. आणि न्यायाधीश हप्ते बांधून द्यायचा. काउंटी कोर्टाचं खरं रोजचं काम हेच होतं, हप्ते बांधणं. कायद्याचा कीस तिथे क्वचितच पडे.

हाच साचा ब्रिटिशांनी आपल्याकडे आणला. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथली लघुवाद न्यायालयं 1850 च्या कायद्याने आली, म्हणजे विलायतेतल्या प्रयोगाला जेमतेम तीन वर्षं झाली असताना. न्यायमूर्ती रानडे 1884 मध्ये पुण्याच्या अशाच स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले.

आधी टपाल गेलं, मग इमारत

491 जिल्ह्यांपासून 240 कोर्टांपर्यंतची घसरण दीडशेहून अधिक वर्षं चालली आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. रेल्वे आली, मोटारी आल्या, खाणींची गावं ओस पडली, छोटी कोर्टं शेजारच्या मोठ्यात विरली. त्यातलं बरंचसं रास्तच होतं.

2010 नंतर जे झालं त्याची तयारी मात्र आधीपासून वेगळ्याच ठिकाणी चालू होती. बँका, वीज कंपन्या, उधारी देणाऱ्या कंपन्या यांचे दावे गठ्ठ्याने दाखल करायला नॉर्थॅम्प्टनला केंद्र होतं. 2002 मध्ये पैशाचा दावा इंटरनेटवरून लावायची सोय झाली. मार्च 2012 पासून कागदावरचे पैशाचे दावेही स्थानिक कोर्टाच्या खिडकीवर देता येईनात, सगळे सॅल्फर्डच्या एका केंद्राकडे टपालाने जाऊ लागले. खिडकीवरचा कारकून, 'हा रकाना राहिला बघा' म्हणणारा, त्या दिवशी पहिल्यांदा नाहीसा झाला. पुढे उरलेल्या खिडक्यांच्याही वेळा कमी झाल्या, बहुतेक ठिकाणी आधी वेळ घेऊनच यायचं, असं झालं. आता इमारतीत फक्त सुनावणी उरली. आणि मग कोणीतरी विचारलं, की एवढ्या मोठ्या इमारतीत दिवसभर होतं काय?

जून 2010 मध्ये नव्या सरकारने 103 मॅजिस्ट्रेट कोर्टं आणि 54 काउंटी कोर्टं बंद करायचा प्रस्ताव मांडला. डिसेंबरात निर्णय झाला, 93 आणि 49. केन क्लार्क तेव्हा न्यायमंत्री होते आणि त्यांच्या खात्याच्या खर्चाला चार वर्षांत 23 टक्के कात्री लागायची होती. 2013 च्या एप्रिलपासून कर्ज, कुटुंब, कल्याण-भत्ते यांतल्या बहुतेक वादांची सरकारी कायदेशीर मदतही गेली. घरच जाणार असेल तेव्हाची मदत तेवढी वाचली, तिच्याकडे पुढे येतोच.

एक बदल कोणाच्या फारसा डोळ्यांवर आला नाही. 22 एप्रिल 2014 पर्यंत प्रत्येक काउंटी कोर्ट हे कायद्याने स्वतंत्र कोर्ट होतं, स्वतःचं नाव, स्वतःची हद्द. त्या दिवसापासून सगळ्या देशात एकच काउंटी कोर्ट उरलं, ते अनेक ठिकाणी बसतं इतकंच. गावातल्या कोर्टाला आता 'सुनावणी केंद्र' म्हणायचं. ही नुसती पाटी बदलणं नव्हे. पूर्वी गावाचं कोर्ट बंद व्हायचं. आता कायद्याच्या भाषेत कोर्ट बंद होतच नाही, त्याची एक बसायची जागा कमी होते. शाळेऐवजी वर्गखोली बंद केल्यासारखं. ज्याने हे मसुद्यात बसवलं त्याच्या मनात बंदीच होती, असं मी म्हणणार नाही, सुसूत्रीकरणाची कारणं खरी होती. पण पुढच्या यादीचं ओझं त्यामुळे हलकं झालं.

ती यादी जुलै 2015 मध्ये आली. मायकेल गोव्ह न्यायमंत्री होते. देशात 460 कोर्टं आणि न्यायाधिकरणांच्या इमारती, त्यांचा वर्षाचा खर्च सुमारे 50 कोटी पौंड, पैकी 91 बंद करायच्या. फेब्रुवारी 2016 मध्ये 86 वर शिक्कामोर्तब झालं. हॅलिफॅक्स गेलं, रॉदरहॅम गेलं, लेक डिस्ट्रिक्टच्या तोंडाशी असलेलं केंडल गेलं, मँचेस्टरजवळचं ओल्डहॅम गेलं. ओल्डहॅमचं नाव आपल्याला तितकंसं परकं नाही. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात तिथला कापूस अडला, तेव्हा ओल्डहॅमसारख्या लँकेशरमधल्या गावांतल्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर चालल्या. त्या तेजीत आपल्याकडे सावकाराने शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र जागेवर राहिलं. त्याचा उरलेला भाग खाली येतो.

रिकामी दालनं, मोटारीचा एक तास

सरकारची बाजू दोन आकड्यांवर उभी होती आणि दोन्ही खरे होते.

पहिला असा, की आधीच्या वर्षात 48 टक्के कोर्टं आणि न्यायाधिकरणं उपलब्ध वेळेच्या निम्म्याहून जास्त काळ रिकामी होती. बंद होणाऱ्या इमारती तर सरासरी एक तृतीयांशाहून थोडा जास्तच वेळ वापरात होत्या. ऐकायला बिनतोड वाटतं. पण कोर्टाचं दालन म्हणजे मंगल कार्यालय नव्हे, की मागणी नाही म्हणून ओस पडावं. ते किती दिवस चालणार हे किती न्यायाधीश नेमले आणि त्यांच्या बैठकांसाठी किती पैसे ठेवले यावर ठरतं. बैठका कमी करायच्या आणि मग दालन रिकामं आहे म्हणून मोजायचं, हा हिशोब आपल्याकडच्या एसटीच्या तोट्यातल्या फेऱ्यांसारखा आहे. गाडी आडवेळेला सोडायची आणि प्रवासी नाहीत म्हणून बंद करायची. सगळीच कोर्टं अशी रिकामी पाडली असं नाही, काही खरोखरच गरजेपेक्षा मोठी होती. पण हा आकडा त्या दोघांत फरक करत नव्हता.

दुसरा आकडा जास्त बोलका आहे. बंदीनंतरही 97 टक्क्यांहून अधिक नागरिक मोटारीने तासाभरात आपल्या कोर्टात पोहोचतील आणि फरक पडेल तो अवघ्या एका टक्क्याचा, असं सांगितलं गेलं. सगळी गंमत 'मोटारीने' या शब्दात आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांत गाडी नसण्याचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे. आता काउंटी कोर्टात प्रतिवादी कोण असतो ते आठवा: भाडं थकलेला, वीजबिल थकलेला, हप्ता चुकलेला. अंतर मोजायला वापरलेली गाडी त्याच्याकडे बहुधा नसतेच. ती असते ताबा मागणाऱ्या घरमालकाच्या वकिलाकडे, आणि तो वकील एकाच दिवशी पंधरा प्रकरणं उरकतो, म्हणून त्याला तर कोर्ट एकाच ठिकाणी असणं सोयीचंच पडतं.

कोर्ट दूर नेल्याचा तोटा दोन्ही बाजूंना सारखा होतो, असं गृहीत धरलं जातं, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच खटकतं. सारखा होत नाही. वादीने तारीख स्वतःहून मागितलेली असते. शंभर दावे लावणाऱ्या कंपनीला प्रवासखर्च शंभरात वाटता येतो. प्रतिवादीचा दावा एकच, दिवस एकच, आणि न जाण्याचा मोह मोठा.

लॅम्बेथ

दक्षिण लंडनच्या केनिंग्टन भागात क्लीव्हर स्ट्रीटवर लॅम्बेथचं काउंटी कोर्ट होतं. 2016 च्या यादीत त्याचं नाव आलं आणि 2017 च्या अखेरीला ते बंद झालं. कामकाज थेम्सच्या पलीकडे गी स्ट्रीटवरच्या क्लार्कनवेल आणि शोरडिचच्या कोर्टात गेलं. नकाशावर हे अंतर काहीच नाही, केनिंग्टनहून तर भुयारी रेल्वेने सरळ जाता येतं. पण लॅम्बेथच्या दक्षिण टोकाला, स्ट्रेथम किंवा नॉरवुडला राहणारी बाई, सकाळी मुलांना शाळेत सोडून, भुयारी रेल्वेचं भाडं टाळण्यासाठी बसने निघाली, तर दहाच्या पुकाऱ्याला पोहोचेलच याची खात्री देणं अवघड आहे.

आणि दहालाच का पोहोचायचं? कारण ताब्याचे दावे तिथे गठ्ठ्याने लागतात. एका सकाळी एका न्यायाधीशापुढे डझनावारी प्रकरणं, प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं. त्या मिनिटांत काय ठरतं ते बघायला हवं, नाहीतर गैरहजेरीची किंमत कळत नाही. नगरपालिकेच्या घरात राहणाऱ्या माणसाचं भाडं थकलं असेल, तर थकबाकी सिद्ध झाली म्हणून घर आपोआप जात नाही. घर काढून घेणं वाजवी आहे का, हे न्यायाधीशाने ठरवायचं असतं. भाडेकरू समोर उभा राहून म्हणाला, की भत्ता अडकला होता, आता सुरू झालाय, चालू भाडं अधिक आठवड्याला थोडी थोडी थकबाकी भरतो, तर ताब्याचा हुकूम होतो पण स्थगित राहतो. हप्ते पाळले तर घर वाचतं. शिलिंगऐवजी पौंड, बाकी 1847 चंच काम. हे सांगणारं कोणी समोर नसेल, तर न्यायाधीशापुढे फक्त घरमालकाचा थकबाकीचा तक्ता असतो.

शिवाय कोर्टाच्या बोळातच एक वकील बसलेला असायचा. ताब्याच्या दिवशी, आधी न ठरवता आलेल्या कोणालाही फुकट सल्ला द्यायचा आणि लगेच आत जाऊन त्याच्या वतीने बोलायचं, ही सरकारी पैशाने चालणारी योजना होती. इंग्लंडच्या कायदेशीर मदतीतला मला सगळ्यात शहाणा वाटणारा भाग हाच, कारण ऐनवेळी घाबरून आलेल्या माणसासाठी ती आखलेली होती. पण तिची अट एकच, तुम्ही कोर्टात आलं पाहिजे. आला नाहीत तर खटला जातो आणि त्याबरोबर वकीलही.

कोर्टं कमी झाली तशी या योजनेचीही क्षेत्रं मोठी करायचा बेत झाला. 113 कंत्राटांची 47 करायची. मोठं क्षेत्र, मोठं कंत्राट, ज्याला परवडेल त्याने घ्यावं. वस्तीतल्या छोट्या कायदा-केंद्रांना ते झेपणार नव्हतं. त्यांच्या संघटनेने आव्हान दिलं आणि जून 2018 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. छोटी केंद्रं गेली तर गरजू लोकांचं काय होईल, याची पुरेशी चौकशी न करता निर्णय घेतला गेला होता. या साऱ्या प्रकरणात कोर्टाने सरकारला थांबवल्याचा हा एक ठळक प्रसंग, आणि तोही इमारतींबद्दल नव्हे.

सुपे, 1875

आता तो उरलेला भाग. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि मुख्यतः कागदांना हात घातला. रोखे, खतं, हुकूमनामे जाळले. नगरपर्यंत लोण पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण ते दोन ओळींत उरकतो. नंतर बसलेल्या आयोगाने कारणं शोधली, तेव्हा कापसाच्या मंदीबरोबर आणि शेतसाऱ्याबरोबर एक कारण दिवाणी कोर्टातलं निघालं. सावकार दावा लावायचा, कोर्ट दूरच्या गावी, रयत हजर राहायची नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि दरखास्तीत, म्हणजे त्या हुकूमनाम्याच्या वसुलीत, बैल नाहीतर जमीन जायची. कायद्याची मुदत टळू नये म्हणून दर तीन वर्षांनी रोखा नवा लिहून घ्यायचा, त्यात व्याज मुद्दलात मिळवायचं. हे सगळं कागदावर कायदेशीर होतं.

1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत जे उपाय केले ते आज वाचताना थक्क व्हायला होतं. छोट्या रकमांसाठी गावमुन्सफ, म्हणजे गावपातळीवरचे न्यायाधीश. दाव्याआधी तडजोड घडवणारे नेमलेले लोक. न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता कर्जाचा मुळापासूनचा हिशोब तपासायचा. आणि शेतकऱ्यावरचा दावा तो जिथे राहतो तिथल्याच कोर्टात लावायचा. रानडे 1887 पासून याच कायद्याखाली खास न्यायाधीश होते आणि गावोगावच्या या कामाची तपासणी त्यांच्याकडे होती. कायद्याने सावकारी संपली नाही, उलट सावकारांनी कर्जाऐवजी विक्रीखत लिहून घ्यायची पळवाट काढली. तरीही एक गोष्ट त्या वसाहती सरकारला कळली होती, हे मान्य करावं लागतं: प्रतिवादी येत नसेल तर आधी कोर्ट कुठे आहे ते बघा.

विलायतेच्या आजच्या दिवाणी नियमांतही हीच समज आहे, हे विशेष. पैशाच्या दाव्यात एखाद्या व्यक्तीने बचाव दिला, की दावा प्रतिवादीच्या 'घरच्या कोर्टाकडे' पाठवायचा, असा नियम आहे. नियम तसाच राहिला, कोर्ट मात्र हलत गेलं. रॉदरहॅमच्या माणसाचं घरचं कोर्ट आता शेफील्डला आहे.

वायदा

इमारतींच्या बदल्यात काय मिळणार होतं, तेही बघायला हवं, नाहीतर हे एकतर्फीच होईल. 2016 मध्ये सुमारे शंभर कोटी पौंडांचा सुधारणा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच वर्षी लॉर्ड जस्टिस ब्रिग्ज यांनी दिवाणी कोर्टांच्या रचनेचा आढावा घेऊन वकिलाशिवाय चालवता येईल अशा ऑनलाइन कोर्टाची कल्पना मांडली. ती कल्पना वाईट नाही. 2018 मध्ये दहा हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यांची नवी ऑनलाइन सेवा सुरू झाली आणि पैसे अडकलेल्या रंगाऱ्याला किंवा सुताराला ती खरोखर सोपी पडली. तिथे शिकायला-नोकरीला गेलेल्या आपल्या मुलामुलींना घरमालकाने अनामत अडवली, तर आजही पहिली पायरी तीच, खोलीत बसून भरायचा अर्ज.

पण लक्षात घ्या, ही सोय वादीची. पलीकडच्या माणसाला घरी एक टपाल येतं, चौदा दिवसांत उत्तर द्या. पोच दिली तर अठ्ठावीस. उत्तर नाही दिलं, तर सुनावणीशिवायच हुकूमनामा होतो, कोणताही न्यायाधीश कागद उघडत नाही. महिन्याभरात पैसे भरले नाहीत, तर तो हुकूमनामा सार्वजनिक नोंदवहीत सहा वर्षं राहतो, आणि तोवर गृहकर्ज सोडाच, फोनची हप्त्याची जोडणीही मुश्किल होते. तिथे वर्षाला साधारण पंधरा ते वीस लाख दिवाणी दावे दाखल होतात आणि त्यातल्या बहुतेकांचा शेवट कोणी कोणासमोर उभं न राहता होतो.

क्रमही उलटा झाला. इमारती आधी विकल्या, यंत्रणा नंतर आली, आणि ती येण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. कार्यक्रम अखेर मार्च 2025 मध्ये संपवला गेला. संसदेच्या लोकलेखा समितीने 2018 मध्येच बजावलं होतं, की या बदलांचा लोकांवर काय परिणाम होतोय हे खात्याने नीट पाहिलेलं नाही. न्यायविषयक समितीने ऑक्टोबर 2019 मध्ये आणखी कोर्टं बंद करणं थांबवा, अशी शिफारस केली. मग कोविड आला आणि ज्या दालनांना रिकामी म्हटलं होतं त्यांच्याऐवजी सरकारला तात्पुरती कोर्टं भाड्याने घ्यावी लागली, नाट्यगृहांत, हॉटेलांत, सभागृहांत. 2025 च्या जुलैमध्ये त्याच न्यायविषयक समितीने काउंटी कोर्टाचं वर्णन मोडकळीला आलेली यंत्रणा असं केलं. दहा हजार पौंडांच्या आतला साधा दावा लागल्यापासून सुनावणीपर्यंत सरासरी सुमारे 50 आठवडे लागत होते. कागद अजूनही हरवत होते. म्हणजे जवळचं कोर्ट देऊन जलद कोर्ट घ्यायचं ठरलं होतं, त्यातलं पहिलं गेलं आणि दुसरं आलं नाही.

तोपर्यंत वादीही रडू लागले होते. हे मला महत्त्वाचं वाटतं. घरमालकांच्या संघटना, छोटे व्यापारी सगळे तक्रार करू लागले, आणि तक्रार ऐकली जाऊ लागली ती तेव्हापासून. प्रतिवादींची संघटना नसते.

आपल्याकडे हवा उलट दिशेने वाहतेय, निदान इमारतींच्या बाबतीत. 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. चाळीसेक वर्षं वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली, आणि त्या साऱ्या काळात सावंतवाडीच्या पक्षकाराला मुंबईची रात्रगाडी करावी लागत होती. पण ई-फाइलिंग आणि 'लिंक पाठवतो, घरूनच हजर राहा' हेही त्याच वेळी तालुक्यापर्यंत पोहोचतंय. त्यात सोय आहे. फक्त ती मोजताना विचारायला हवं, की लिंक उघडणारा कोण आणि न उघडणारा कोण. 2008 च्या ग्रामन्यायालय कायद्याने कोर्ट गावापाशी न्यायचं ठरवून आता बराच काळ लोटला आहे, आणि ती न्यायालयं देशात ठरल्याच्या मानाने फारच थोडी उभी राहिली, हेही जाता जाता नोंदवतो.

मोटारीच्या एका तासावर टीका झाल्यावर इंग्लंडच्या खात्याने 2019 मध्ये नवा निकष स्वीकारला. बहुतांश लोकांना सकाळी साडेसातच्या आधी घर सोडावं लागू नये आणि सुनावणी आटोपून संध्याकाळी साडेसातपर्यंत परत येता यावं, गरज पडल्यास सार्वजनिक वाहनाने. आधीच्यापेक्षा हा बरा, कारण त्यात बस आहे. पण घर वाचवायला आठवड्याला चार-पाच पौंड जास्त देतो, असं सांगायला निघालेल्या माणसाचा या निकषात बसणारा दिवस बारा तासांचा आहे, आणि त्यातली पाच मिनिटं न्यायाधीशासमोरची.